तारा दाखवून टायर विकले: रनफ्लॅटच्या नावाखाली ८८,३०० रुपयांचा चुना

टायर बसवण्याआधी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचा, मग पैसे द्या. माझे ८८,३०० रुपये गेलेत. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तशी ताकीद दिली आहे. हा धंदा कसा चालतो ते पुणेकरांना सांगायला नको: पक्क्या बिलाऐवजी एस्टिमेटची चिठ्ठी, त्यावर 'टायर ४ नग', जुने टायर 'बायबॅक'मध्ये आत. माझ्या प्रकरणात नवीन एवढंच, की खोटेपणा टायरच्या आत होता आणि तो कळायला टायर फुटावा लागला.

गाडी बीएमडब्ल्यू ३ सिरीज, सेकंडहँड. हिला स्टेपनी नाही, कारण कंपनीने रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारे टायर, गृहीत धरलेत. साइडवॉल आतून जाड, उष्णता सोसणाऱ्या रबराची. हवा शून्य झाली तरी गाडीचं ओझं तीच पेलते, ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर.

गाड्यांचं वेड असलेले माझे सगळे मित्र सांगत होते की रनफ्लॅट काढ आणि साधे परफॉर्मन्स टायर टाक. त्यांचं चूक नव्हतं. रनफ्लॅट जड आणि कडक असतो. आपल्याकडच्या खड्ड्यांत दणका थेट कमरेला बसतो, साइडवॉलला फुगा येतो, रिम वाकते. साधा टायर हलका, वळणावर स्टिअरिंगला त्याची साथ चांगली. खुद्द बीएमडब्ल्यू एम३ सारख्या वेगवान गाड्यांना साधेच टायर देते. उलट निसान जीटी-आर रनफ्लॅटवर यायची, म्हणजे वेगवान गाडी आणि रनफ्लॅट यांचं वाकडं आहे असंही नाही. पण मला कुठे रेस लावायची होती? बायको कामासाठी मुंबईला जाते, रात्री एक्सप्रेसवेने एकटी परत येते. पंक्चर झालं तरी तिला अंधारात थांबायला लागू नये, एवढंच हवं होतं. त्या जाड साइडवॉलचे पैसे मी समजून उमजून मोजले.

किती मोजले? एका टायरचे २३,८००, चारचे ९५,२००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग २,४००. जुने चार घेतले त्याचे ४,००० वजा. दिले ९३,६००. त्यातले ५०,००० यूपीआयने (खातं दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचं) आणि ४३,६०० रोख. नंतर चौकशी केली तेव्हा त्याच कंपनीचा, त्याच २२५/४५ आर १८ मापाचा साधा टायर १४,९०० ला मिळत होता. म्हणजे चार टायरांत मिळून ३५,६०० रुपये खिशातून काढले.

मी विचारलं नव्हतं असं नाही. 'हे रनफ्लॅटच ना?' असं स्पष्ट विचारलं. मालकाने टायर फिरवला, साइडवॉलवरचा छोटा तारा बोटाने दाखवला आणि म्हणाला, "साहेब, हा बीएमडब्ल्यूचा तारा. ओरिजिनल रनफ्लॅट." तारा खरा होता! तारा म्हणजे तो टायर बीएमडब्ल्यूने मंजूर केलेला, इतकंच. साध्या टायरवरही तो असतो. अर्धं खरं सांगून फसवणाऱ्याला पकडायचं कसं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते. जुने टायर रिममधून काढताना दुकानातली दोन पोरं घामाघूम झाली होती. मशीनचा जादा आर्म लावला, एक जण टायरवर जवळजवळ उभाच राहिला, शिव्या चालल्या होत्या. नवे टायर मात्र एकट्या पोराने फोनवर बोलत बोलत चढवले. फोनवर बोलत! रनफ्लॅट असा चढत नाही, तो काढताना जितका छळतो तितकाच चढवताना छळतो. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, काचेच्या पलीकडे घडलं, आणि मी तिकडे चहा पीत बसलो होतो. पण मला सांगा, मी काय टायरचं दुकान चालवतो? नवीन रबर मऊ असतं, जुनं कडक झालेलं असतं, असंच कुणालाही वाटेल. घरी येताना गाडी एकदम मऊ लागली तेव्हाही मी खूश झालो. मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं, "नवीन पिढीचे आहेत, पूर्वीसारखे आदळत नाहीत." नवे रनफ्लॅट पूर्वीपेक्षा मऊ आहेत, हे खरंच आहे. परत अर्धं खरं.

जुलैत ताम्हिणीहून परतताना, मुळशीच्या अलीकडे टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा लागला. पाऊस, काळोख, मोबाइलला रेंज नाही, मागे सासूबाई. मी शांतपणे म्हणालो, काळजी नाही, रनफ्लॅट आहेत. पन्नासच्या आत चालवत राहिलो. आधी मागून फडफड, मग जळक्या रबराचा वास, मग गाडीचं ढुंगण एका बाजूला ओढलं गेलं. साध्या टायरची हवा गेली की रिम साइडवॉलला चिरडते, टायर तापतो आणि चिंध्या होतात. तेच झालं. दिवा लागताच थांबलो असतो तर कदाचित नुसतं पंक्चर निघालं असतं. पण थांबायचं नाही यासाठीच तर जादा पैसे मोजले होते ना? टोइंगवाल्याने टॉर्च मारला आणि सांगितलं, "हा साधा टायर आहे, कुणी सांगितलं रनफ्लॅट?" टोइंगचे ६,८००, नवीन अलॉय ३१,०००, एक टायर १४,९००. त्यात टायरांचे ते ३५,६०० धरा, बेरीज वर दिलेलीच आहे.

एका मित्राने वर ऐकवलं, "अरे, तुला चांगलेच टायर मिळाले की, हँडलिंग सुधारलं असेल!" त्याच्याशी मी सध्या बोलत नाही.

तर टायरवर काय बघायचं: मिशेलिनवर झेडपी, ब्रिजस्टोनवर आरएफटी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ. बीएमडब्ल्यूसाठी गोलातला आरएससी. मर्सिडीजवाल्यांनो, एमओ आणि एमओई यांत फरक आहे. शेवटचा 'ई' असेल तरच रनफ्लॅट. साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. 'नवा' टायर किती वर्षं गोदामात पडला होता, ते तिथेच कळतं. फोटो बसवण्याआधी काढा, नंतर नाही.

दुकानदार म्हणाला, "तुम्हीच साधे मागितले होते." चिठ्ठीवर 'टायर ४ नग'. संपलं.

पोलीस चौकीत गेलो. पहिला प्रश्न: "पंक्चर झालं तरी चालणारा टायर असतो का?" दुसरा: "एवढी गाडी परवडते, मग?" मग म्हणजे काय? गाडी महाग असली की फसवणूक स्वस्त होते? साहेब बंदोबस्ताला, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ (४) दाखवलं तर उत्तर आलं, "बसवताना तुम्ही समोरच होतात, मग ही दिवाणी बाब." ऑनलाइन पैसे गेले म्हणावं तर तेही नाही, कारण पैसे मी स्वतः दिले. पोच म्हणून शिक्का मागितला तर शिक्क्याची शाई संपलेली. एका सरकारी कार्यालयात सांगितलं की वजन-मापाची तक्रार असेल तरच या. मी म्हटलं, साधा टायर रनफ्लॅटपेक्षा हलका असतो, म्हणजे वजनही कमीच दिलंय, घ्या लिहून. कुणी हसलंही नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार होते आहे. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, त्यामुळे 'कोर्टकचेरी नको' म्हणून गप्प बसू नका. रोख देऊ नका. बिलावर कंपनी, मॉडेल, 'रनफ्लॅट' हा शब्द आणि टायरवरचे चार आकडे लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर उठून या. आणि जुने रनफ्लॅट बायबॅकला देऊ नका. माझ्या जुन्यांपैकी दोन बऱ्या अवस्थेत होते, ते हजार-हजार रुपयांना त्याच्या घशात गेले.

परवा मालकाचा फोन आला. गूगलवरचा रिव्ह्यू काढून टाका, १२,००० परत देतो म्हणाला. मी म्हटलं, पक्क्या बिलावर लिहून दे कशाचे परत करतोस ते. त्याने फोन ठेवला. रिव्ह्यू अजून आहे.