फुलीटाका, छिद्रांचा कागद आणि तीन पानी कार्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फुलीटाका, म्हणजे क्रॉस स्टिच, अर्ध्या तासात हाती बसतो. काम बिघडतं ते घरं मोजताना आणि कापड कागदाला जोडताना. आयडा कापड (चौकोनी घरं विणलेलं), सहा पदरी सुती दोरा, छिद्रांचा कागद, लाकडी रिंग आणि घरीच कापलेली कार्डं आठ महिने सतत वापरात राहिल्यावरचं हे मत आहे.

आधी कापड. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ घरं, एक घर साधारण १.८ मिमी. सॅम्पलरला, म्हणजे अक्षरं, किनार आणि नमुने भरलेल्या कापडाला, हेच घ्या. ११ काउंटवर अक्षरं बोजड दिसतात, १८ वर काम सुबक होतं पण डोळे थकतात. मॅटी या जाडसर विणीच्या कापडावरही काम होतं, मात्र पट्टी लावून उभी आणि आडवी घरं आधी मोजा. एका दिशेला १४ आणि दुसरीला १३ निघाली तर गोल फूल लंबगोल होतं.

मापाचा हिशेब सोपा आहे: टाके भागिले काउंट. १४० बाय १९६ टाक्यांचा नमुना १० बाय १४ इंच भरतो. चारही बाजूंना ३ इंच सोडले की कापड १६ बाय २० इंच लागतं. हे ३ इंच चौकटीवर ताणून बसवताना लागतात, तिथे कंजूषी नको. कडा सुटू नयेत म्हणून मास्किंग टेप लावायची सवय अनेकांना असते, पण काही महिन्यांत तिचा चिकटा कापडात उतरतो. कडेवरून साधे टाके घालून घेणं बरं.

दोऱ्याची लडी ८ मीटरची. १४ काउंटवर फुलीला दोन पदर, बॅकस्टिचला (बाह्यरेषेच्या सरळ टाक्याला) एक. पदर एकेक करून सरळ वर ओढून काढा; दोन एकदम ओढले की गुंता झालाच. एका फुलीला जवळपास १ सेंमी दोरा जातो, वाया जाणारी टोकं धरून एका लडीत १६०० ते १८०० फुल्या होतात. पार्श्वभूमीचा रंग एकदमच आणा, कारण रंगवण्याच्या पुढच्या घाण्यातली छटा किंचित वेगळी असू शकते. डीएमसी कंपनीचा ३१० नंबर आणि अँकरचा ४०३ हे दोन्ही काळे, तिथे अदलाबदल खपते. बाकीच्या रंगांचे तक्ते अंदाजाचेच, एकाच पाकळीत दोन कंपन्या मिसळू नका.

सुई बोथट टोकाची हवी: १४ काउंटला २४ नंबर, १८ ला २६. टोकदार सुई कापडाचाच धागा भेदते आणि फुली घराबाहेर सरकते. सुरुवातीला गाठ मारू नका. ९० सेंमीचा एकच पदर दुमडून दोन्ही टोकं सुईत ओवा, मागे फास राहील. पहिला टाका घालून सुई त्या फासातून काढली की दोरा पक्का. वरची तिरपी सगळीकडे एकाच दिशेला असू द्या, नाहीतर उजेड वेगवेगळा पडून रंग डागाळल्यासारखा दिसतो. रिंग मात्र प्रत्येक बैठकीनंतर काढायचीच. हाताचं तेल बसलेली गोल घडी धुऊनही सहज जात नाही.

सॅम्पलरचा खरा कस किनारीत लागतो. कुठेतरी एक घर चुकतं आणि दोनशे टाक्यांनंतर चौथा कोपरा जुळत नाही. यावर जालीम उपाय असा: पूर्ण किनार आधी फक्त खालच्या तिरप्या रेघेने फिरवून आणा. टोकं जुळली तरच वरच्या रेघेने परत या. अर्धे टाके उसवायला सोपे. दर दहा घरांवर शिवणाच्या गुळगुळीत दोऱ्याने चौकट आखली तर चूक लवकर सापडते. पाण्याने जाणारं पेन चालतं, पण धुण्याआधी इस्त्री फिरली तर रेघ पक्की होते. उष्णतेने जाणाऱ्या पेनाची शाई थंडीत परत उमटते. टिकवायच्या कामावर ते नकोच.

देवनागरी अक्षरांचे तयार तक्ते कमी, म्हणून आलेखाच्या वहीत आपणच आखावेत. शिरोरेघेला १ ओळ, अक्षराला ७, वरच्या मात्रा-वेलांटीला ३ आणि खालच्या उकाराला ३, अशा १४ ओळी धरल्या की १४ काउंटवर अक्षर बरोबर एक इंच उंचीत बसतं. रोमन कॅपिटलसारख्या ७ ओळींत कोंबू पाहाल तर ‘कु’ आणि ‘कृ’ ओळखू येणार नाहीत. आणि सॅम्पलर म्हणजे सजावटीचं चित्रच, असं काही नाही. इंग्लंडमधला तारीख घातलेला सर्वांत जुना ज्ञात सॅम्पलर जेन बोस्टॉकचा, १५९८ सालचा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि त्यात सुटे नमुने मोकळेपणाने मांडलेले दिसतात. आपलाही एखादा तुकडा असा कच्च्या वहीसारखा वापरायला हरकत नाही.

आता कार्ड. ए४ जाड कागद, २५० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), २९.७ बाय १४.८ सेंमी कापा. पानं १०, १० आणि ९.७ सेंमी. मधल्या पानात ६ बाय ८ सेंमीची खिडकी. अरुंद पान खिडकीच्या मागे दुमडून टाक्यांची उलटी बाजू झाकतं. ते ३ मिमी कमी नसेल तर कार्ड नीट मिटत नाही. ए४ कागदाची रेघ, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, बहुतेकदा लांबीच्या दिशेने असते, म्हणजे इथली घडी तिला आडवी पडते आणि तडकते. म्हणून दुमडण्याआधी कोरड्या रिफिलने पट्टीच्या आधाराने खाच पाडायचीच. ३०० ग्रॅमचा कागद खाच पाडूनही कधीकधी तडकतो.

६ बाय ८ सेंमीत १४ काउंटची ३३ बाय ४४ घरं मावतात. कडेला चार-चार घरं मोकळी ठेवा, नमुना २५ बाय ३६ च्या आत. कापड ९ बाय ११ सेंमी. पांढरा डिंक लावू नका: त्यातल्या पाण्याने कागद वाकतो आणि कापडावर ओलसर कड उमटते. ६ मिमीची डबल साइड टेप मधल्या पानाच्या मागच्या बाजूला, खिडकीच्या कडेपासून २ मिमी सोडून लावा. मग कापड सुलटं टेबलावर ठेवून वरून खिडकी उतरवा, म्हणजे घरांची ओळ कडेला समांतर बसवता येते. कार्डावर कापड टाकायला गेलात तर ते हमखास तिरकं बसतं.

छिद्रांचा कागद कार्डाला फार सोयीचा, कडा सुटत नाहीत आणि रिंगही लागत नाही. त्यावर दोन पदर विरळ दिसतात, तीन घ्या. सुई सरळ खाली आणि सरळ वर. तिरकी ओढली की दोन छिद्रांमधली पट्टी फाटते. उसवणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे गुंतागुंतीचा नमुना इथे नको. फाटलंच तर मागून पातळ कागद चिकटवून सुईने छिद्र पाडा.

धुणं फक्त कापडाचं. कोमट पाणी, सौम्य साबण. लाल किंवा गडद निळा रंग सुटला तर वाळू देऊ नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खंगाळत राहा. नंतर टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि टाके टॉवेलावर पालथे ठेवून मागून इस्त्री करा. पुढून केली की फुल्या चपट्या होतात. कार्डात कापडाखाली फुगवटा यावा म्हणून कापूस भरतात, तो एक पातळ थरच ठेवा. जाड भरला की टेप आठवड्याभरात सुटते.