स्नोमोबाईलची टेथर दोरी – दोन हिवाळे वापरून झाल्यावर

स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा पट्टा असलेली, बर्फावर चालणारी मोटरगाडी. इथे कॅनडातल्या सडबरीत तिला कुणी स्नोमोबाईल म्हणत नाही, स्लेड म्हणतात, म्हणून मीही स्लेडच लिहितो. माझी जुनी टू-स्ट्रोक आहे, सेकंडहँड घेतलेली, आणि तिला कंपनीकडून टेथर आलेलं नव्हतं. टेथर म्हणजे लाल किंवा काळी स्प्रिंगसारखी दोरी, एक टोक तुमच्या जॅकेटला आणि दुसऱ्या टोकाची टोपी हँडलजवळच्या स्विचवर बसवलेली. तुम्ही पडलात की टोपी निघते आणि इंजिन बंद. जिममधल्या ट्रेडमिलला जी लाल क्लिप असते ना, जी सगळे नुसती हँडलला लटकवून ठेवतात, तीच कल्पना.

पहिल्या वर्षी मला वाटायचं याची गरज काय, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) अंगठ्याने दाबायचा आहे, माणूस पडला की अंगठा सुटणार, स्प्रिंग थ्रॉटल मागे ओढणार, आरपीएम उतरले की क्लच सुटणार आणि स्लेड आपोआप थांबणार. बरोबरच आहे, थांबते, पण थ्रॉटल मागे आला तर. त्या फेब्रुवारीत स्लेड रात्रभर बाहेर होती, आदल्या दिवशी ओला बर्फ पडलेला आणि रात्री पार उणे २४. सकाळी गोठलेल्या तळ्यावर काढली, थोडं पळवलं, अंगठा उचलला आणि इंजिनचा आवाज उतरलाच नाही. केबलमध्ये पाणी गोठलेलं होतं. हँडलवर इंजिन बंद करायचा लाल किल स्विच असतो तो दाबायला गेलो तर जाड मिटनमध्ये (चारही बोटं एकत्र असलेल्या हातमोज्यात) बोट कुठे लागतंय तेच कळेना, दोनदा चुकलं, तेवढ्यात डावी स्की वाऱ्याने साचलेल्या ढिगावर चढली आणि मी बाजूला फेकला गेलो. मला काही झालं नाही, बर्फ मऊ होता. पण गुडघ्यावर उठून बघतो तर माझी दोन-अडीचशे किलोची स्लेड एकटी पुढे चालली होती आणि ज्या दिशेने चालली होती तिकडे एक मासेमारीची झोपडी होती, बाहेर दोन मुलं खेळत होती. स्लेड झोपडीच्या डावीकडून गेली आणि काठावरच्या झुडपात घुसून बंद पडली. त्या मुलांचा बाप काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. ते अजून आठवतं.

त्याच आठवड्यात टेथर घेतलं. कर धरून ४० डॉलरच्या आसपास. पाकिटात स्विच, टोपी, गुंडाळलेली दोरी, प्लास्टिकची क्लिप आणि दोन वायरी, बाकी काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच मी फसलो. टेथर स्विच दोन जातींचे येतात. एकात टोपी निघाली की सर्किट जुळतं, दुसऱ्यात टोपी निघाली की सर्किट तुटतं. माझ्यासारख्या जुन्या इंजिनांमध्ये इग्निशनची किल वायर बॉडीला म्हणजे ग्राउंडला टेकवली की इंजिन बंद होतं, त्यामुळे मला पहिली जात हवी होती. दुकानदाराने न विचारता दुसरी दिली. खाणीतला एक मित्र आणि मी गॅरेजमध्ये दोन तास डोकं फोडतोय, टोपी लावली की चालूच होत नाही आणि टोपी काढली की मस्त चालू होते, बरोबर उलटं! म्हणून घ्यायला जाताना तुमच्या मॉडेलचं नाव-वर्ष सांगा आणि तुमची किल वायर ग्राउंड होऊन इंजिन बंद करते की सर्किट तुटून, ते आधी बघून जा. बदलून मिळालं, तेवढं बरं.

या ग्राउंडवाल्या जातीची एक खोट आहे आणि ती पाकिटावर कुठेच लिहिलेली नाही. वायर तुटली किंवा हादऱ्यांनी कनेक्टर सैल झाला तर इंजिन छान चालूच राहतं, तुम्हाला काही कळत नाही, आणि दोरी नुसती शोभेला उरते. सर्किट तोडणाऱ्या जातीत वायर तुटली तर गाडीच बंद पडते, म्हणजे निदान समजतं तरी. त्यामुळे मी रोज निघताना दोन गोष्टी करतोच: चालू करायच्या आधी थ्रॉटल दाबून सोडून बघतो की झटकन मागे येतोय का, आणि चालू केल्यावर जागेवरच दोरी ओढून इंजिन मरतं का बघतो. अर्धा मिनिटही लागत नाही.

वापराचं म्हणाल तर स्विच अजून पहिल्यासारखा आहे. दोरी मात्र उणे २०च्या खाली कडक होते, ताणली जात नाही नीट, मग उभं राहून खड्ड्यांवरून चालवताना टोपी निघते आणि भलत्या ठिकाणी गाडी बंद. मऊ बर्फात चढावर असं झालं की स्लेड रुतते आणि पुढचा अर्धा तास फावडं. लांब दोरीचा सेट मिळत असेल तर तोच घ्या. प्लास्टिकची क्लिप दुसऱ्याच महिन्यात तुटली, तिच्या जागी लोखंडी कॅराबिनर (गिर्यारोहकांची उघडबंद होणारी कडी) लावला आणि तो जॅकेटच्या चेनच्या हुकाला अडकवत नाही, चेन फाटते, सरळ कमरेच्या पट्ट्याला अडकवतो. टोपीच्या आत बर्फ दाबून बसतो, तो बोटाने काढायचा, नाहीतर टोपी पूर्ण बसतच नाही.

त्याच मित्राकडे स्की-डू ब्रँडची स्लेड आहे, तिच्यात डीईएसएस नावाचं इलेक्ट्रॉनिक टेथर कंपनीकडूनच बसवून येतं. टोपीतच चिप असते, नीट बसली की दोन छोटे बीप वाजतात, दुसऱ्याची टोपी लावली तर स्लेड पुढे सरकण्याएवढे आरपीएमच घेत नाही, म्हणजे चोरीपासूनही बचाव. हे नक्कीच भारी आहे. पण टोपी रानात हरवली तर तिथेच अडकलात, आणि नवीन टोपी डीलरकडूनच प्रोग्रॅम करून घ्यावी लागते. पोलॅरिस या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच स्लेडला थ्रॉटल सेफ्टी स्विच असतो, अंगठा सुटूनही थ्रॉटल मागे आला नाही तर तो इंजिन बंद करतो. माझी त्या दिवशीची वेळ नेमकी तीच होती. तरी तो असला म्हणून टेथर नको असं माझं मत नाही, कारण पडताना हात हँडलमध्ये अडकून थ्रॉटल दाबलेलाच राहिला तर तो काय करणार?

आणि टेथर म्हणजे ब्रेक नाही हो. इंजिन बंद झालं तरी गुळगुळीत बर्फावर स्लेड घसरत जातेच, फक्त जोर संपतो. शिवाय दोरी चालवणाऱ्यालाच असते, मागे बसलेलं माणूस पडलं तर काहीच होत नाही, म्हणून बायको मागे असली की माझा वेग ओंटारियोच्या ट्रेलच्या ५० किमीच्या मर्यादेच्याही बराच खाली असतो.

फॅमिली डेच्या (फेब्रुवारीतल्या सोमवारच्या सुट्टीच्या) वीकेंडला टोरोंटोकडून आपली खूप मंडळी येऊन भाड्याने स्लेड घेतात. भाड्याच्या स्लेडला दोरी बहुतेक असते, हँडलला गुंडाळलेली. ती सोडवून अंगाला लावून घ्या, आणि तुमच्यासमोर एकदा ओढून दाखवायला सांगा. नसेल तर दुसरी स्लेड मागा. गुलमर्ग-सोलांगला स्नो स्कूटर स्वतः चालवायला मिळत असेल तर तिथेही हेच विचारा.

मी ५ पैकी ४ देईन, एक त्या क्लिपचा आणि दोरी कडक होण्याचा कापला. दोन हिवाळ्यांत एक जास्तीची टोपी घेऊन ठेवलीय, ती बायकोच्या जॅकेटच्या आतल्या खिशात असते, कारण माझ्या खिशातली मी पडलो तर माझ्यासोबतच बर्फात जाईल.