कुळागर आणि अतिथिगृहासाठी पाणीवापराचे मूल्यमापन : फोंडा तालुक्यातील अनुभव

आमचे अतिथिगृह गोव्यातील फोंडा तालुक्यात, कुळागराला म्हणजे पोफळी-माडांच्या बागेला लागून आहे. आपण किती गोडे पाणी वापरतो आणि त्याचा परिसरावर किती भार पडतो हे कळावे, म्हणून आम्ही एका सल्लागार संस्थेकडून मूल्यमापन करून घेतले. प्रत्यक्ष मोजणी उत्तम झाली. अहवालाची पहिली आवृत्ती मात्र अपुरी होती.

पंपाच्या नळीला मीटर बसवला आणि पाटाचे पाणी बादली व घड्याळ लावून मोजले. विहिरीत पोलादी फीत सोडण्यापूर्वी तिला खडू फासला आणि फीत वर काढल्यावर तो जिथवर भिजला होता त्यावरून पातळी टिपली. उपसलेले पाणी आणि खर्ची पडलेले पाणी यांत केलेला फरक मला सर्वांत मोलाचा वाटला. पाहुण्यांच्या आंघोळीचे बरेचसे पाणी शोषखड्ड्यातून पुन्हा जमिनीत मुरते; पोफळी-माडांना दिलेल्या पाण्यापैकी मोठा वाटा मात्र बाष्प होऊन हवेत जातो आणि त्या हंगामात तो विहिरीला परत मिळत नाही. विकत आणलेल्या तांदळामागचे पाणी, तो जिथे पिकतो तिथल्या खोऱ्याच्या नावे, वेगळे दाखवले आहे, हेही योग्यच.

पहिल्या अहवालात वर्षभराच्या वापराला एकच गुणांक लावला होता. ‘अवेअर’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, माणसांची आणि निसर्गाची गरज भागल्यावर खोऱ्यात किती पाणी उरते त्यावरून ०.१ ते १०० यांदरम्यानचा गुणांक ठरतो; पाणी जितके कमी उरते तितका तो मोठा. १ म्हणजे जागतिक सरासरी. हे गुणांक महिनावार उपलब्ध असतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात, आणि कुळागराचे शिंपणे पाऊस सरल्यावरच सुरू होते. त्यामुळे वार्षिक सरासरीने आमचा भार आहे त्याहून हलका दिसत होता, आणि हे मला अजिबात मान्य नव्हते. आक्षेप घेतल्यावर संस्थेने जादा शुल्क न घेता महिनावार तक्ता करून दिला.

दुसरी उणीव नावाची नव्हे, नियमाची आहे. २०१४ च्या आयएसओ १४०४६ या मानकानुसार केवळ टंचाईचा परिणाम मोजला असेल, तर अहवालाला सरसकट ‘जल-पदचिन्ह’ (पाणीवापराचा टंचाई, प्रदूषण असा एकूण परिणाम) म्हणता येत नाही, ‘जलटंचाई-पदचिन्ह’ असे म्हणावे लागते. आमच्या धुलाईच्या सांडपाण्याची तपासणी झालीच नव्हती, तरी मुखपृष्ठावर व्यापक नाव होते. शिवाय या गुणांकांमागील जागतिक संगणकीय प्रारूपाने नकाशावर पाडलेली एक चौकट साधारण ५५ किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ गोव्याच्या रुंदीएवढी असते. तिला आमची विहीर दिसणे शक्य नाही. म्हणूनच खडूची ती फीत मला तक्त्याइतकीच महत्त्वाची वाटते.

अहवाल फक्त इंग्रजीत आहे. पाटाचे पाणी वळवणाऱ्या आमच्या कामगारांसाठी मराठीत दोन पाने तरी हवी होती.

ही सेवा घेणाऱ्यांनी महिनावार गुणांक आणि सांडपाण्याची तपासणी या दोन्ही बाबी करारात लेखी मागाव्यात, आणि मोजणी फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे विहिरीची सर्वांत खालची पातळी नोंदीत येते.