एसी लावून थंड करून ठेवलेली गाडी

१५ लाख ८० हजार. गाडीचा आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरच्यांना मी अजून साडेबाराच सांगतोय. त्यावर गेलेले ३ लाख ८६ हजार वेगळे, आणि त्यात तेलाचे डबे धरलेले नाहीत.

गाडी जर्मन, २०१७ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, पहिला मालक, मीटरवर ४३,००० किमी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही. पुण्याचा सेकंडहँड डीलर, काचेचं शोरूम, कॉफी वगैरे. आम्ही कोल्हापूरहून पहाटे निघून गेलो. आणि आधीच सांगतो, मी आंधळेपणाने घेतलेली नाही. गॅरेजवाला मित्र बरोबर होता, स्कॅनर होता, सर्व्हिसचे शिक्के होते, पेंटची जाडी मोजली होती. मित्राचा हात डिझेलवर बसलेला, हे खरं. पण निदान कोणीतरी नेलं होतं, बहुतेक लोक मेहुण्याला नेतात.

मे महिना. पोचलो तर गाडी बाहेर आणून चालू करून ठेवलेली. डीलर म्हणाला, "या सर, ऊन फार आहे, एसी लावून थंड करून ठेवलीय तुमच्यासाठी." मी "थँक्यू" म्हणालो. चक्क थँक्यू म्हणालो त्याला.

तिथेच सगळं होतं. अशा इंजिनाची खरी परीक्षा रात्रभर उभ्या गाडीला पहिला स्टार्टर मारल्यावरच्या दोन-तीन सेकंदांत होते. टायमिंग चेनचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) सैल असेल तर तेवढ्यात खडखड ऐकू येते, तेलाचा दाब आला की गप्प. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तोही पहिल्यांदाच. गरम इंजिन यातलं काही सांगत नाही. बोनेटवर हात ठेवला असता तर कळलं असतं की ही पाच मिनिटांपूर्वी चालू केलेली नाही, कुठेतरी फिरवून आणलीय. पण उन्हात काळं बोनेट तापतंच ना? कोणाला शंका येईल? एसी लावून ठेवला म्हणून कोणी भांडतं का?

स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही म्हणून आम्ही खूश. त्याच स्कॅनरवर 'रेडिनेस मॉनिटर' नावाचं पान असतं, गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारं, त्यात निम्म्या चाचण्या 'अपूर्ण' दाखवत होत्या. कोड पुसले की या चाचण्याही पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे कोड नव्हते असं नाही, नुकतेच पुसले होते. हे मला नंतर कळलं. तुम्ही ते पान आधी उघडा, कोडचं नंतर.

५० हजार टोकन, बाकी आरटीजीएस, वर ३२ हजारांची एक वर्षाची 'इंजिन वॉरंटी'. खंबाटकी चढताना गाडी अशी काही ओढत होती की मित्र म्हणाला, घेतलीस ते बरं केलंस.

महिना व्हायच्या आत तेलाचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला, टर्बो गाड्या तेल खातातच, हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं. काही मॅन्युअलांत तसं लिहिलेलं असतंही. माझी सातशे किमीला एक लिटर पीत होती. मग सिग्नलला उभी राहून निघताना मागे धूर, मग मिसिंग. बोअरस्कोपला, म्हणजे सिलिंडरच्या आत कॅमेरा घालून बघायला, ३,५००. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. इंजिन उघडायला ३८,५००. मिस्त्रीने पिस्टन काढला आणि त्यावरच्या दोन रिंगांमधल्या कड्याचा नखाएवढा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "रिमॅप केलेली होती ही," म्हणाला. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं.

जाणकारांना पुढचं सांगायला नको. पहिल्या मालकाने टर्बोचा दाब वाढवून घेतला, आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मागणारी सॉफ्टवेअरची फाइल साध्या ९१ वर पळवली. नॉकिंगने, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी, कडं तुटलं. विकायच्या आधी कंपनीची मूळ फाइल परत टाकली. पण इसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद काही गाड्यांत राहते, यात राहिली होती. आता 'आजकालची इंजिनं टिकतच नाहीत' असं मला ऐकवू नका. न छेडलेली, दहा हजार किमीच्या आत तेल बदललेली इंजिनं दीड-दोन लाख किमी जातात. शिक्के बघू नका, तेलाची बिलं तारखेसकट मागा.

वॉरंटीवाला म्हणाला, इंजिनात बदल केलेला आहे, क्लेम बसत नाही. बदल कोणी केला? ते आम्हाला माहीत नाही. डीलर म्हणाला, आम्हालाही माहीत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जुना इतिहास मागितला तर पहिल्या मालकाची संमती आणा. गाडी माझ्या नावावर, आरसी माझ्या खिशात, आणि तिची कुंडली मला मिळणार नाही!

पोलीस चौकीत अर्जच घेईनात. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, असं म्हटल्यावर साहेब म्हणाले, तुम्हीच तपास करा मग. आरटीओत विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तुमचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, याच्याकडे आहे का? या खिडकीवरून त्या खिडकीवर, शेवटी 'लेखी द्या'. लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार केली, काही दिवसांनी 'निकाली' असा मेसेज. कोणी, काय निकाली काढलं, देव जाणे.

जिल्हा ग्राहक आयोगात फी ४०० रुपये, तेवढं एकच स्वस्त पडलं. कायद्यात समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. छान लिहिलंय. प्रत्यक्षात तारीख पडते, डीलरचा वकील येत नाही, पुढची तारीख पडते. आणि मला विचारतात, इंजिन उघडण्याआधी तज्ज्ञाचा अहवाल का घेतला नाही? म्हणून सांगतो, वाद असेल तर इंजिन उघडूच नका, आधी नोटीस पाठवा, मग पंचनाम्यासारखे फोटो काढत उघडा.

मी शेवटी ३ लाख १२ हजारांत बाहेर काम करून घेतलं. गाडी चालते.

त्या शोरूममध्ये सध्या तशीच एक पांढरी लागलीय, '४१,००० किमी, पहिला मालक'. जाणार असाल तर आधी फोन करू नका. सकाळी शटर उघडताना जा, बोनेटला हात लावा, आणि चावी तुमच्याच हातात घ्या.