ला कोंचावरचा 'समुद्र दिसणारा फ्लॅट': पैसे पाठवण्याआधी खिडकी नीट बघा

सान सेबास्तियानला, म्हणजे बास्क भाषेतल्या दोनोस्तियाला, जायचं ठरवलं असेल आणि ला कोंचाच्या किनाऱ्यावर फ्लॅट शोधत असाल, तर आधी हे वाचा. स्पेनच्या उत्तरेला, भर शहरात, शिंपल्याच्या आकाराचा हा किनारा सव्वा किलोमीटरहून थोडा लांब आहे. त्याच्याकडे तोंड करून असलेल्या इमारती मोजक्याच. ऑगस्टच्या मध्याला सेमाना ग्रांदे या शहराच्या उत्सवाचा आठवडा असतो, तेव्हा रोज रात्री खाडीवर आतषबाजी होते. सप्टेंबरात आधी होड्यांच्या शर्यती, मग चित्रपट महोत्सव. गिऱ्हाईक भरपूर आणि घरं थोडी, यावरच भामट्यांचं फावतं.

फसवणुकीची चाल ठरलेली आहे. एखाद्या नावाजलेल्या बुकिंग साइटवर दोन बेडरूमचा फ्लॅट ऑगस्टात ९० युरो रात्रीने दिसतो. त्या दिवसांत त्याच किनाऱ्यावर साध्या हॉटेलची खोलीसुद्धा या भावात मिळत नाही, पण सुट्टीच्या उत्साहात ते लक्षात येत नाही. तुम्ही विचारणा केली की उत्तर येतं: "साइटवरचं कॅलेंडर जुनं आहे, व्हॉट्सअॅपवर बोलू, कमिशन वाचेल, १५ टक्के सूट देतो." मालक कामानिमित्त परदेशात असतो, किल्ली एजन्सी देणार असते. मग पीडीएफ करारनामा, ओळखपत्राचा फोटो आणि पैसे भरायची लिंक येते. ती लिंक खऱ्या साइटसारखीच दिसते, फक्त पत्त्यात एखादा जादा शब्द किंवा आडवी रेघ असते. पैसे गेले की दोन दिवसांनी 'परत मिळणारी अनामत' मागतात, मग विमा, मग कर. एकदा पैसे देणारा पुन्हा देतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शेवटी बॅगा घेऊन दारात उभे राहिलात की आत भलतंच कुटुंब राहत असतं, किंवा त्या नंबरची इमारतच नसते.

आता तपासायचं कसं? सुरुवात खिडकीच्या फोटोपासून करा. ला कोंचाच्या समोरच्या घरातून समुद्राकडे पाहिलं की डाव्या हाताला इगेल्दोचा डोंगर दिसतो, माथ्यावर मनोरा. उजव्या हाताला उर्गुल टेकडी, त्यावर येशूचा पुतळा. दोघांच्या मधे सांता क्लारा बेट. फोटोत पुतळा डावीकडे आणि मनोरा उजवीकडे असेल, तर फोटो आरशासारखा उलटवलेला आहे. हे मुद्दाम करतात, कारण उलटवलेला फोटो शोधयंत्राला मूळ फोटोशी सहज जुळवता येत नाही. तुम्ही तो मोबाइलवर पुन्हा सुलटा करा आणि मग गूगल लेन्सवर टाका. बऱ्याचदा मूळ फोटो कुठल्याशा हॉटेलचा किंवा घरविक्रीच्या जाहिरातीतला निघतो. खिडकीतून काचेचे दोन मोठे ठोकळे आणि सर्फिंग करणारी मंडळी दिसत असतील, तर ती कुर्साल इमारत आणि झुरिओलाचा किनारा. तो ग्रोस भागात, नदीच्या पलीकडे आहे. तिथे राहणं वाईट नाही, पण ला कोंचाचा भाव देऊ नका.

दुसरी गोष्ट नोंदणी क्रमांकाची. बास्क प्रांतात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराची सरकारी पर्यटन नोंदवहीत नोंद लागते. गिपुस्कोआ जिल्ह्यातला क्रमांक ई-एस-एस या अक्षरांनी सुरू होतो. जुलै २०२५ मध्ये स्पेनने ऑनलाइन जाहिरातींसाठी राष्ट्रीय क्रमांकही सक्तीचा केला. क्रमांक मागा, आणि मिळाला म्हणून तिथेच थांबू नका. दुसऱ्याच्या जाहिरातीतला क्रमांक उचलून लावणं सोपं असतं, म्हणून नोंदीतला पत्ता आणि तुम्हाला दिलेला पत्ता मजल्यासकट जुळतो का ते बघा. 'आमचं घर खासगी आहे, नोंदणी लागत नाही' असं उत्तर आलं, तर विषय तिथेच संपवा.

मालकाचं ओळखपत्र आलंच, तर एक हिशोब करून बघा. स्पॅनिश ओळखपत्रावर आठ आकडे आणि एक अक्षर असतं. त्या आकड्याला २३ ने भागून जी बाकी उरते, तिच्यावरून अक्षर ठरतं: बाकी शून्य तर टी, १ तर आर, १४ तर झेड. १२३४५६७८ ला भागल्यावर १४ उरतात, म्हणून त्यापुढे झेडच हवा. घाईत बनवलेली खोटी ओळखपत्रं इथे सापडतात. मात्र चोरलेलं खरं ओळखपत्र या हिशोबातून सुटतं, म्हणून हिशोब जुळला एवढ्यावर विश्वास टाकू नका.

मालकाला एक साधा प्रश्नही विचारा: उधाणाच्या भरतीला वाळू किती उरते? इथे भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडू शकतो. जाहिरातीत दिसणारा रुंद, सोनेरी पट्टा ओहोटीचा असतो. मोठ्या भरतीला लाटा थेट भिंतीशी येतात. तिथे राहणारा माणूस हे लगेच सांगतो. भामटा 'बीच अप्रतिम आहे' एवढंच लिहितो.

पैशांबद्दल नियम एकच ठेवा: साइटच्या बाहेर दमडी पाठवायची नाही. स्पेनमधल्या बँकखात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ई-एस या अक्षरांनी सुरू होतो आणि अक्षरं-आकडे मिळून २४ चिन्हांचा असतो. मालक स्पॅनिश आणि खातं तिसऱ्याच देशातलं, किंवा 'आमच्या मुंबईच्या माणसाला यूपीआय करा' असा निरोप आला, तर तिथेच थांबा. परदेशी बँक ट्रान्सफर एकदा पोहोचली की परत मिळवणं फार कठीण. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे तक्रार करून रक्कम उलटवून घेण्याची वाट तरी उरते.

आपल्याकडच्या प्रवाशांचा हात व्हिसापायी जास्त अडकतो. शेंगेन अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, अपॉइंटमेंटची तारीख जवळ आलेली असते, आणि समोरचा म्हणतो, "आज पूर्ण रक्कम भरा, लगेच कन्फर्मेशन लेटर देतो." त्याऐवजी रद्द करता येईल असं हॉटेल साइटवरून बुक करा आणि फ्लॅट सावकाश शोधा. पासपोर्टचा फोटोही आधी पाठवू नका. पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणं स्पेनमध्ये मालकावर बंधनकारक आहे हे खरं, पण ती माहिती चेक-इनच्या वेळी भरून देता येते.

एक प्रकार खऱ्या बुकिंगनंतरही घडतो. हॉटेलचं खातं हॅक करून साइटच्या चॅटमध्येच निरोप टाकतात: "तुमचं कार्ड पडताळलं गेलं नाही, १२ तासांत लिंकवर भरा, नाहीतर बुकिंग रद्द." लिंक दाबू नका, हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर शोधून फोन करा.

पैसे गेलेच, तर पहिले काही तास मोलाचे. आधी बँकेला फोन करा आणि ट्रान्सफर परत मागवण्याची विनंती लेखी द्या. भारतात असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे पोहोचल्यावर कळलं तर एर्त्साइन्त्साकडे, म्हणजे बास्क पोलिसांकडे, तक्रार देऊन तिची प्रत घ्या, बँकेला आणि विमा कंपनीला ती लागते. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, नंबर आणि लिंकचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. आणि काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा' असा मेसेज आला, तर तोही बहुधा त्याच टोळीचा असतो. त्याला उत्तर देऊ नका, तो नंबर तुमच्या तक्रारीत जोडा.