बरगडीतून कोरलेला कान की पेशींतून वाढवलेला?

मायक्रोशियात कान जन्मतःच अपुरा असतो. नव्या कानासाठी कूर्चा (कानाला आकार देणारा लवचिक, हाडासारखा भाग) आणायची कुठून?

रुळलेली वाट बरगडीची. तिथली कूर्चा काढून सर्जन ती हाताने कोरतो. पुरेशी कूर्चा मिळावी म्हणून मूल साधारण ६ ते १० वर्षांचं होईपर्यंत थांबायचं, वर छातीवर व्रण. पण असे कान वर्षानुवर्षं टिकलेत.

दुसऱ्या वाटेत त्या अपुऱ्या कानातल्याच पेशी वाढवून विरघळणाऱ्या साच्यावर पेरतात. १९९७चा पाठीवर कान वाहणारा उंदीर आठवतो? (त्याचा कानही असाच वाढवला होता, फक्त पेशी वासराच्या होत्या.) २०१८मध्ये चिनी संशोधकांनी पाच मुलांवरचे निष्कर्ष मांडले. छाती वाचते, आकार दुसऱ्या कानाबरहुकूम. घोडं अडतं पुढे: साचा विरघळल्यावर त्वचेच्या ताणाखाली तो आकार राहील? माझ्या मुलासाठी आज मी बरगडीच निवडेन.