दह्याचं इलेक्ट्रिक मशीन, दिवाळीपासून वापरतेय: दही झकास, झाकण भंगार, आणि बॉक्सवर हार्टचं जे लिहिलंय त्याबद्दल थोडं

दिवाळीनंतर घेतलेलं मशीन एप्रिलमध्ये बिघडलं आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी जो ताप दिला त्या रागात हे लिहायला घेतलंय, त्यामुळे जरा तिखट वाटलं तर वाटू दे. कंपनीचं नाव घेत नाही, ही सगळी मशीनं सारखीच असतात, आत स्टीलचा डबा, बाहेर गरम होणारं भांडं, एक लाल दिवा. वॅट, लिटर, टायमर बॉक्सवर वाचा.

आम्ही निफाडचे. थंडीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात आमच्या गावाचं नाव येतं, बाहेरच्यांना कौतुक वाटत असेल, इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री विरजण लावलं की सकाळी दूध ते दूधच. शालीत गुंडाळा, गव्हाच्या कोठीत ठेवा, कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, एवढं करून दुपारपर्यंत कसंबसं अदमुरं दही लागतं. त्यात आमच्या मिस्टरांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ निघालं, बीपी आधीपासून आहेच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, संध्याकाळचं फरसाण बंद केलं, त्याऐवजी एक वाटी दही किंवा ताक चालेल म्हणाले. चालेल म्हणाले, औषध आहे असं म्हणाले नाहीत. रोज विकतचा डबा आणायचा म्हणजे महिन्याचं गणित कोलमडतं, म्हणून मशीन घेतलं, चौदाशेच्या आसपास पडलं.

आता झाकण. रात्री दूध कोमट करून विरजण लावलं, मशीनमध्ये ठेवलं, सकाळी उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला हे एवढे थेंब, आणि मधोमध दह्यावर पाण्याचं डबकं. आत चाळीस-बेचाळीस डिग्री आणि बाहेर आमच्या स्वयंपाकघरातली थंडी, वाफ झाकणाला लागून पाणी होणारच, यात नवल काही नाही. पण झाकण सपाट का केलंय? इडलीपात्राचं झाकण कसं फुगीर असतं, पाणी कडेकडेने खाली जातं. इथे सगळे थेंब बरोब्बर मध्ये जमून टपकतात आणि दह्याला खड्डे पडतात. सर्व्हिसवाला फोनवर म्हणे मॅडम ती दह्याची निवळी आहे, नॉर्मल आहे. अहो, चाळीस वर्षं दही लावतेय मी! निवळी पिवळसर असते, आंबट लागते, ती मी फेकत पण नाही, कणीक भिजवते त्यात. हे पाणी पांढरं स्वच्छ आणि बेचव. चमच्यात घेऊन चाखून बघितलं आणि मग त्याला सांगितलं, तर गप्प. शेवटी उपाय माझा मीच काढला, जुन्या धोतराचा फडका चौपदरी करून डब्यावर ताणून बांधायचा आणि वर झाकण. आता दही वरून खालपर्यंत सारखं, उलटं केलं तरी हलत नाही. चौदाशे रुपयांच्या मशीनला धोतराचा फडका लागतो.

जानेवारीपर्यंतचं मत: पहिल्या महिन्यात मी याला दोन स्टार देणार होते, झाकणामुळेच. पण कडाक्याच्या थंडीत एकही दिवस दही चुकलं नाही हे मान्य करावं लागेल. लाईटचं पण हिशेब करून बघितलं, वीस वॅटचं यंत्र आठ तास म्हणजे युनिटचा सहावा हिस्सा, दीड-दोन रुपयांत रात्र निघते. आणि दही रोज तयार असतं म्हणूनच फरसाणाची वाटी खरंच सुटली, डबा उघडला की समोर दही. नुसतं सांगून मिस्टरांनी ऐकलं असतं असं काही नाही. त्या हिशेबाने तीन, साडेतीन.

बॉक्सवर मात्र मोठ्ठ्या अक्षरात छापलंय, "हृदयासाठी उत्तम", शेजारी लाल बदाम. यावर माझी भाची हसली. ती उदगीरला डेअरी टेक्नॉलॉजी शिकली. ती म्हणाली, मामी, विरजण दुधातली साखर खातं, साय खात नाही. म्हणजे सहा टक्के फॅटचं दूध घातलंस तर सहा टक्के फॅटचंच दही निघणार, मशीन त्यात काय करणार? मग आम्ही वाटीचा हिशेब लावला. दीडशे ग्रॅम दही, म्हशीच्या दुधाचं असेल तर नऊ ग्रॅमच्या आसपास फॅट, त्यातली जवळपास दोनतृतीयांश सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी. डबल टोन्ड दुधाचं असेल तर दोन-सव्वादोन ग्रॅम फक्त. आम्ही आता गवळ्याचं दूध तापवून, गार करून साय काढून घेतो आणि उरलेल्याचं दही लावतो. (साय काढली म्हणजे फॅट घराबाहेर गेली असं नाही, ती फ्रिजमधल्या डब्यात जाते, आठवड्याने लोणी, मग तूप, आणि ते तूप वरणभातावर कोणाच्या ताटात पडतं ते सांगायला नको.)

पण दह्याला नुसतं फॅटवर पण मोजू नये असं तिचंच म्हणणं. २०१८ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात प्युअर नावाचा मोठा अभ्यास आला, २१ देश, एक लाख छत्तीस हजारांवर माणसं, आपला भारत पण त्यात. दिवसाला दोनपेक्षा जास्त वेळा दूध-दही घेणाऱ्यांमध्ये हार्टचे मोठे आजार आणि मृत्यू, बिलकुल न घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, दूध आणि दह्याचं तसं दिसलं, लोण्याचं तसं ठळक काही दिसलं नाही. आता हा नुसता बघून नोंद केलेला अभ्यास, दही खाणारी माणसं बाकीचं पण नीट खात असतील, पैसेवाली असतील, त्यामुळे दह्यानेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. आणखी एक गंमत तिने सांगितली, १९७४ साली जॉर्ज मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आफ्रिकेतल्या मसाई लोकांना भरपूर आंबवलेलं दूध पाजलं, त्यांची वजनं वाढली आणि कोलेस्टेरॉल उलटं उतरलं! तिथून दही आणि कोलेस्टेरॉलचं खूळ सुरू झालं म्हणे, पण पुढच्या प्रयोगांत फरक निघाला तो थोडाथोडकाच. म्हणजे दही वाईट नाही, चांगलंच आहे, पण बॉक्सवरचा तो बदाम जरा जास्त झाला.

हे मुद्दाम लिहितेय कारण मशीन घ्यायच्या आधी मी ज्यांचे ज्यांचे अनुभव वाचले त्यात एकाने लिहिलं होतं की तीन महिने दही खाल्लं आणि गोळी बंद केली. बाबांनो असं करू नका. आमच्याकडे पण एलडीएल ९० च्या घरात आलंय, मी ते मशीनच्या खात्यात मांडत नाही, रोज रात्रीची गोळी आहे ना. गोळी डॉक्टर बंद करतील तेव्हाच बंद. आणि बीपीवाल्यांनी ताकात मीठ किती पडतं ते बघा, ५ ग्रॅम मीठ ही अख्ख्या दिवसाची मर्यादा, आमचे मिस्टर एका तांब्यात सपाट चमचा टाकत होते, आता जिरेपूड, आलं, कोथिंबीर आणि मीठ नावापुरतं. पिशवीतलं मसाला ताक तर घरात आणणंच सोडलंय.

एप्रिलमध्ये दही तारेसारखं ओढलं जायला लागलं, मग निवळी निम्मी आणि खाली रबरी गोळा, मग एक दिवस दही लागलंच नाही, उकळलेल्या दुधाचा वास नुसता. डब्यात साधं पाणी भरून मशीन तासभर लावलं आणि ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर बुडवलं, तर आकडाच नाही, "एच". म्हणजे बेचाळीसच्या पुढे कुठेतरी, पाण्यात बोट ठेववत नव्हतं. एवढ्या उष्णतेत विरजण जगणार कसं? (थर्मामीटर पाण्यात घातलं म्हणून घरात जे रामायण झालं ते वेगळं.) नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. म्हणे दूध जास्त गरम घालत असाल. मी म्हणलं पाण्याचा फोटो बघा. म्हणे ओरिजिनल बॉक्स आहे का. बॉक्समध्ये कांदे ठेवलेत, आणू का? वर्षाची वॉरंटी, बिल हातात, तरी दोन आठवडे घेतले, शेवटी थर्मोस्टॅट (उष्णता आवरणारा भाग) बदलून दिला, फुकट. तेव्हाच झाकणाचं रबर सैल झालंय म्हणून दाखवलं तर ते "ॲक्सेसरी", वॉरंटीत नाही, सुटं मिळत नाही, डब्यासकट पूर्ण सेट घ्या साडेसहाशेला. झाकणासाठी अर्ध्या मशीनचे पैसे! नाही घेतलं.

रिपेअरनंतर दही परत छान लागतंय. फक्त एक, रोज त्याच मशीनमधल्या दह्याचं विरजण वापरत गेलं की चव हळूहळू बदलते, आंबटपणा वाढतो आणि घरच्या दह्याचा तो गोडसर वास जातो. भाची म्हणते जास्त उष्णतेत टिकणारे बॅक्टेरियाच मग उरतात. त्यामुळे आता ऊन पडायला लागल्यापासून मधूनमधून साध्या पातेल्यात ओट्यावर दही लावते आणि त्यातलं विरजण पुढे मशीनला घालते, चव परत येते.

मुंबई-कोकणातल्यांनी हे घेऊ नका, तुमच्याकडे ओट्यावर ठेवलं तरी दही लागतं, उलट आंबायच्या आत फ्रिजमध्ये टाकायची घाई असते. थंडीच्या गावात असाल तर घ्या, पण दुकानात झाकण उलटं करून बघा, सपाट असेल तर दुसरं दाखवा म्हणा, आणि सुटं झाकण मिळतं का ते बिलावर लिहून घ्या.